आग वीस सेकंदांची, तयारी तासाभराची

वाचक विचारतात : रूळ, लोकल आणि आपण

गेल्या अंकात खडी आणि स्लीपरबद्दल लिहिताना मी जाता जाता ‘थर्मिट जोड’ असा उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं आली, की हा अंक त्यालाच द्यायचं संपादकांनी ठरवलं. मी नोकरीभर रेल्वेच्या रूळ विभागात होतो, त्यामुळे उत्तरांत थोडा पक्षपात दिसला तर समजून घ्या.

एक गृहिणी, कांजूरमार्ग : आमची खिडकी थेट रुळांवर उघडते. मागच्या महिन्यात रात्री दोनच्या पुढे खाली दहा-बारा माणसं जमली होती. बराच वेळ काहीच घडेना, नुसती ठोकाठोक. मग एकदम एवढा पांढरा उजेड झाला, की समोरच्या भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या. जरा वेळाने सगळं विझलं. वेल्डिंग म्हणावं तर वायर नाही, मशीन नाही. काका, हे होतं तरी काय?

ताई, तुम्ही पाहिलंत ते थर्मिट वेल्डिंग. रेल्वेत त्याला ए.टी. (ॲल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंग म्हणतात. वायर नाही, मशीन नाही, हे तुम्ही अचूक टिपलंत. इथे लोखंड वितळवायला बाहेरून वीज लागत नाही. ती उष्णता एका पिशवीतल्या भुकटीतून निघते. त्या भुकटीला आमच्यात ‘पोर्शन’ म्हणतात. पण ‘बराच वेळ काहीच घडेना’ हे वाचून मला हसू आलं. जोड चांगला होणार की वाईट, हे त्याच वेळात ठरत होतं!

शेवटची लोकल गेल्यावर आणि पहाटेची पहिली सुटायच्या आत जेवढा वेळ सापडतो, तेवढ्यात मुंबईत रुळाला हात लावायचा. कंट्रोलकडून ब्लॉक, म्हणजे त्या रुळावर गाड्या बंद ठेवायची परवानगी, मिळाल्याचा निरोप आला, की घड्याळ सुरू. एका जोडाला सव्वा तास तरी हाताशी हवा.

पहिलं काम रूळ कापायच्याही आधीचं. लोकलची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळातून परत जाते. रूळ मधेच तोडला तर तिची परतीची वाट तुटते, म्हणून कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जाड केबल बांधून घेतात. मग आजूबाजूच्या स्लीपरवरच्या क्लिपा सैल करायच्या, रुळाची टोकं सरळ कापायची, रॉकेल आणि तारेच्या ब्रशने घासून ती चकचकीत करायची. गंज, तेल, जुनी घाण काही राहता कामा नये.

दोन टोकांमधली फट २५ मिलिमीटर. एक मिलिमीटर इकडेतिकडे चालतो, त्याहून जास्त नाही. फट अरुंद झाली तर तळाशी पुरेशी उष्णता पोहोचत नाही आणि नवं पोलाद जुन्याला धरत नाही. रुंद झाली तर पोर्शनमधला माल पुरत नाही. यानंतर एक मीटर लांबीची पोलादी पट्टी रुळावर ठेवतात आणि पाचरी मारून जोडाची जागा मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर उचलून घेतात. नवख्या माणसाला हे चुकीचं वाटतं. पण रुळाचा माथा जाड असतो आणि तळ पातळ. माथा सगळ्यात शेवटी निवतो, निवताना आकसतो आणि जोड खाली बसतो. तो किती बसणार याचा अंदाज धरून आधीच उचलून ठेवायचा असतो.

मग साचा. वाळूचे तयार भाग रुळाच्या अंगाला बसवायचे आणि रूळ व साचा यांच्यामधल्या फटी ओलसर वाळूने बुजवायच्या. याला लुटिंग म्हणतात. आमच्याकडे एक मालवणी मुकादम होते. लुटिंग करणाऱ्या पोरांना ते सांगायचे, ‘करंजीची कड नीट मुरडलीस नाय तर सारण तेलात जाता, तसा.’ सारण तेलात गेलं तर कढई खराब होते. इथे वितळलेलं पोलाद खडीवर सांडतं. जोड तर जातोच, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा पायही जाऊ शकतो.

साचा बसला की बर्नर लावून रुळाची टोकं लाल होईपर्यंत तापवायची, साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत. पेट्रोल आणि हवेचा साधा बर्नर असेल तर दहा-बारा मिनिटं जातात, ऑक्सिजन आणि एलपीजी असेल तर अडीच मिनिटांच्या आसपास. हे काम डोळ्यांच्या अंदाजावर सोडत नाहीत, हातात स्टॉपवॉच असतं. तुमच्या खिडकीतून तुम्हाला निळसर जाळ दिसला असेल तर तो हाच.

आणि मग तुमचा तो उजेड. साच्याच्या वर क्रूसिबल, म्हणजे प्रचंड उष्णता सोसणारं भांडं, ठेवलेलं असतं. आतून मॅग्नेसाइटचं अस्तर, खाली भोक, भोकात थिंबल नावाचं बूच. त्यात पोर्शन ओततात आणि मधोमध एक पेटती फुलबाजी खोचतात. हो, फुलबाजीच. दिवाळीतल्या फुलबाजीपेक्षा तिची आग कडक, एवढाच फरक. आधी फसफस, मग घोंगावणं, क्रूसिबलच्या तोंडातून ठिणग्यांचा फवारा, पांढरा धूर. साधारण २० सेकंदांत आतली क्रिया पुरी होते. आवाज बसतो. थिंबल आपोआप वितळतं आणि पोलाद खाली साच्यात उतरतं. पूर्वी हे बूच वेल्डर स्वतः दांड्याने उघडायचा. आतलं पोलाद तयार झालं की नाही, हे त्याच्या नजरेवर अवलंबून असायचं. घाई केली तर कच्चं पोलाद जोडात जायचं. आपोआप उघडणारं थिंबल आलं आणि ती भानगड मिटली. माझ्या मते एवढ्याशा बुचाने जितके जोड वाचवले तितके आमच्या कुठल्याही परिपत्रकाने वाचवले नसतील.

ओतल्यावर चार ते सहा मिनिटं साच्याला हात लावायचा नाही. मग साचा फोडायचा, आणि जोड लाल असतानाच हायड्रॉलिक ट्रिमरने माथ्यावरचं जादा पोलाद कापून काढायचं. निवल्यावर ते कापायला गेलात तर रात्र तिथेच सरेल. पुढे ग्राइंडिंग. ओतल्यापासून अर्धा तास होईपर्यंत त्यावरून गाडी नाही. शेवटी पुन्हा ती एक मीटरची पट्टी, पट्टीखाली फट मोजायचं फीलर गेज. जोड एक मिलिमीटरपर्यंत उंच राहिला तर चालतो. खोल गेला तर अजिबात चालत नाही, कारण प्रत्येक चाक त्या खड्ड्यात आपटतं आणि खड्डा वाढतच जातो.

शीव-कुर्ल्याच्या मधली एक रात्र आठवते. सगळी तयारी करून बसलो होतो आणि ब्लॉक चांगलाच उशिरा मिळाला. बरोबरचा तरुण इंजिनिअर म्हणाला, ‘होईल, भराभर उरकू.’ वेल्डरने घड्याळ पाहिलं, पोर्शनची पिशवी परत पेटीत ठेवली आणि पेटीवर बसून बिडी काढली. ‘साहेब, अजून रूळ कापला नाहीये,’ एवढंच बोलला. आम्ही फिशप्लेटचे, म्हणजे दोन रुळांची टोकं बाजूने धरणाऱ्या पट्ट्यांचे, बोल्ट आवळून घरी गेलो. दुसऱ्या रात्री तोच जोड नीट झाला. त्या माणसाला कुणी बक्षीस दिलं नाही. न झालेल्या अपघाताची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

बारावीची विद्यार्थिनी, मुलुंड : सर, आमच्या पुस्तकात ॲल्युमिनियम आणि आयर्न ऑक्साइडची क्रिया एका ओळीत उरकली आहे. गंज आणि ॲल्युमिनियमची भुकटी, एवढ्यातून रुळाचं पोलाद कसं तयार होतं? आणि हे कॉलेजच्या प्रदर्शनात करून दाखवता येईल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. प्राध्यापकांनी हो म्हटलं तरी नाही. या मिश्रणाला जळायला हवेतला ऑक्सिजन लागत नाही, तो त्याच्या आतच असतो. त्यामुळे झाकण घालून ही आग गुदमरत नाही. पाणी टाकाल तर त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं लोखंड चहूकडे उडेल. व्हिडिओ पाहा, मनसोक्त पाहा.

आता पहिला प्रश्न. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ते हिसकावून घेतं, स्वतः ॲल्युमिनियम ऑक्साइड होतं आणि लोखंड मोकळं होतं. या हिसकाहिसकीत इतकी उष्णता सुटते, की तापमान अडीच हजार अंशांच्या घरात जातं. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ऑक्साइड २०७२ अंशांना. म्हणजे दोन्ही पातळ होतात. लोखंड जड म्हणून तळाशी जातं आणि ऑक्साइडचा स्लॅग, म्हणजे मळी, वर तरंगतो. खालचं बूच उघडलं की आधी लोखंड साच्यात जातं आणि मागून आलेला स्लॅग साच्याबाहेरच्या भांड्यात ओसंडतो. कुणी चाळलं नाही, गाळलं नाही, वजनानेच निवड झाली. मला हा भाग अजूनही सुंदर वाटतो.

तुझ्या वहीसाठी एक हिशेब. अणुभार मांडून बघ. शुद्ध मिश्रणाच्या १०० ग्रॅममधून सुमारे ५२ ग्रॅम लोखंड मिळतं आणि ४८ ग्रॅम ॲल्युमिनियम ऑक्साइड. हे तू स्वतः काढलंस तर परीक्षेतही उपयोगी पडेल.

पण निव्वळ लोखंड रुळाच्या कामाचं नाही, फार मऊ. म्हणून पोर्शनमध्ये फेरोमँगनीज, कार्बन वगैरे मोजून घालतात, म्हणजे जोडाचं पोलाद शेजारच्या रुळाच्या तोडीचं होतं. शिवाय पोलादाचे बारीक तुकडे घालतात. ते वितळताना थोडी उष्णता खातात आणि क्रिया आवाक्यात राहते. रुळाचा प्रकार बदलला की पोर्शनही बदलतो, म्हणून पिशवीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ती फोडायची नसते. आणि तू म्हणतेस तो गंज म्हणजे दारावरचा गंज नव्हे. कारखान्यात तापलेलं पोलाद लाटताना त्याच्या अंगावरून काळे पापुद्रे सुटतात, ते वापरतात.

ही युक्ती हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. १८९५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो शुद्ध धातू मिळवण्याच्या खटपटीतून. रूळ जोडायला तिचा उपयोग झाला १८९९ मध्ये, एसेन शहरातल्या ट्रामच्या रुळांवर. आपल्याकडे रेल्वेचा स्वतःचा पोर्शन बनवण्याचा कारखाना लखनौला आहे.

निवृत्त शिक्षक, गिरगाव : मी अनेक वर्षं मुलांना शिकवलं, की उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावतं म्हणून रुळांच्या सांध्यात फट ठेवतात. आता तुम्ही म्हणता फटी बुजवून टाकतात. मग ते प्रसरण जातं कुठे? मी शिकवलं ते चूक का?

सर, तुम्ही शिकवलंत ते अगदी बरोबर होतं, आणि जिथे अजून फिशप्लेटचे सांधे आहेत तिथे आजही बरोबर आहे. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर साधारण साडेचार मिलिमीटर वाढतो. तेवढी फट ठेवली की काम भागतं. गाडीचा ठेका यायचा तो त्याच फटींमुळे. पण प्रत्येक फटीत चाक आपटतं, रुळाचं टोक ठेचलं जातं, बोल्ट ढिले होतात, खालची खडी बसते. रूळ विभागाचे निम्मे कष्ट सांध्यांवरच खर्च व्हायचे.

आता रूळ जोडून लांबच लांब करतात. भिलाईच्या कारखान्यातून २६० मीटरची पॅनलं येतात. त्यांतले सांधे तिथेच विजेच्या फ्लॅश बट पद्धतीने, दाबून जोडलेले असतात. रूळ टाकल्यावर अशी पॅनलं एकमेकांना जोडून सलग करतात. एक किलोमीटरचा मोकळा रूळ ३० अंशांनी तापला तर जवळजवळ ३५ सेंटिमीटर वाढेल. तुमचा प्रश्न इथेच आहे : हे ३५ सेंटिमीटर गेले कुठे?

ते वाढूच दिले जात नाहीत. क्लिपांनी रूळ स्लीपरला धरलेला, स्लीपर खडीत रुतलेला. रूळ पसरू बघतो, हे सगळं मिळून त्याला पसरू देत नाही, आणि न झालेली वाढ दाबाच्या रूपाने रुळातच कोंडून राहते. ६० किलोच्या रुळात, म्हणजे ज्याचं वजन मीटरला ६० किलो असतं त्यात, दर अंशाला सुमारे १.९ टन बळ साठतं. ३० अंशांना ५७ टन. एका रुळात! फक्त दोन्ही टोकांकडचा शंभरेक मीटरचा भाग थोडा मागेपुढे सरकतो. तिथे तिरपे, एकमेकांच्या अंगाने सरकणारे सांधे बसवतात. रुळांकडे बघणाऱ्या माणसाला ते लगेच ओळखू येतात.

आता खुबी अशी, की रूळ कुठल्या तापमानाला क्लिपांत जखडला यावर सगळं अवलंबून. फार थंड असताना जखडला तर मे महिन्यात दाब एवढा वाढेल, की रूळ आडवा वाकेल. फार गरम असताना जखडला तर जानेवारीच्या पहाटे तो ताणाने तुटेल. म्हणून मधलं, थोडं वरच्या बाजूला झुकणारं तापमान धरून रूळ सोडवून पुन्हा बांधतात. हे डीस्ट्रेसिंग. तापमान हवेचं नाही, रुळाचं मोजायचं. मुंबईत हवा ३५ असली तरी भर दुपारी रूळ ५०च्या पुढे गेलेला असतो. हात लावून बघू नका.

गिरगावकरांना ट्रामचे रूळ आठवत असतील. ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली. ते रूळ रस्त्यात गाडलेले असायचे, ऊन फक्त वरून लागायचं आणि वाकायला जागाही नसायची. म्हणून सलग जोडलेले रूळ ट्रामला फार आधी झेपले. आमचे रूळ उघड्यावर, त्यांना वेळ लागला.

रोजचा प्रवासी, बदलापूर : थंडी पडली की आठवड्याला एक बातमी, ‘रुळाला तडा, लोकल खोळंबल्या’. त्यात बहुतेक वेळा वेल्डिंगच्या जागी तडा गेल्याचं सांगतात. तुम्ही एवढं कौतुकाने लिहिता, मग जोड तुटतात कसे? आमचा लेटमार्क कोण भरून देणार?

तुमचा राग रास्त आहे आणि लेटमार्क माझ्या हातात नाही. पण आडपडदा न ठेवता सांगतो. थर्मिटचा जोड हा रुळातला सगळ्यात नाजूक भाग आहे. रूळ कारखान्यात लाटलेला, दाबलेला. थर्मिटचा जोड ओतीव, तोही रात्री उघड्यावर, बॅटरीच्या उजेडात केलेला. ओतीव धातूत बुडबुडे राहू शकतात, साच्याची वाळू आत जाऊ शकते, तळाचा कोपरा नीट न तापल्याने नवं पोलाद नुसतं टेकून बसू शकतं. बाहेरून काही दिसत नाही. वर्षानुवर्षं चाकं जातात, तो दोष केसाएवढा वाढतो, आणि एखाद्या थंड पहाटे रूळ आकसून ताण चढला की तडा जातो. ऐन गर्दीच्या आधी, म्हणजे तुमच्या ६.४०च्या आधी! तापमानाचा नीचांक तेव्हाच असतो, त्याला कोण काय करणार.

म्हणून नवा जोड झाला की त्याची अल्ट्रासोनिक तपासणी करतात, आणि ती होईपर्यंत त्याला मधे फुगवटा असलेल्या जॉगल्ड फिशप्लेटचा आधार देतात. पुढेही ठरावीक काळाने तपासणी चालूच असते. दोष गंभीर निघाला तर जोड काढून टाकतात. तरीही काही निसटतात, हे मान्य करायला हवं. आणि माझं मत विचाराल तर, जिथे शक्य आहे तिथे रुळावरच नेता येणारं फ्लॅश बट मशीन वापरावं. थर्मिट उरावं ते मशीन पोहोचत नाही अशा जागांसाठी आणि दुरुस्तीसाठी. मुंबईत दोन ट्रॅकच्या मधे माणूस उभा राहायची मारामार, तिथे अशा जागा कमी नाहीत.

तडा सापडतो कसा, तेही ऐका. पहाटे कीमन, म्हणजे रुळांची रोज पाहणी करणारा कामगार, रूळ बघत चालतो, त्याला दिसतो. मोटरमनला झटका जाणवतो, तो कळवतो. आणि जिथे ट्रॅक सर्किट आहे तिथे रुळातून खेळणारा सिग्नलचा प्रवाह खंडित झाला की सिग्नल लाल होतो. म्हणजे तुमची लोकल थांबते ती पुष्कळदा यंत्रणा नीट चालल्यामुळे. मग माणसं धावतात, तड्याखाली लाकडी ठोकळा, दोन्ही बाजूंना जॉगल्ड फिशप्लेट, त्यांवर सी आकाराचे क्लॅम्प, आणि गाड्या हळूहळू सोडतात. पक्कं काम रात्री. पूर्वी तुटलेला जोड काढायचा तर मधे रुळाचा काही मीटरचा तुकडा घालून दोन नवे जोड करावे लागत. हल्ली ७५ मिलिमीटरच्या रुंद फटीचा पोर्शन मिळतो, त्याने एकाच जोडात भागतं. एक जोड कमी, म्हणजे पुढची एक संभाव्य बातमी कमी.

एक वाचक, दादर : मुंबईच्या पावसात हे काम कसं करतात?

शक्यतो करत नाहीत. साचा, क्रूसिबल, पोर्शन सगळं कोरडं ठणठणीत हवं. ओलाव्यातून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जोड आतून सच्छिद्र होतो, ही झाली सौम्य शिक्षा. स्लॅग ओल्या खडीवर किंवा डबक्यात पडला तर स्फोट होतो, ही कडक. पोर्शनच्या पिशवीला ओल लागली तर ती वाळवून वापरायची नाही, बाद करायची. म्हणून जून उजाडायच्या आत जोडकाम उरकायची धडपड असते. अगदीच नड आली तर ताडपत्रीचा तंबू ठोकून, पावसाने उसंत दिली की करतात. शीव-कुर्ल्याकडे रूळच पाण्याखाली गेले की तंबूही कामाचा नाही, क्लॅम्पवर दिवस काढायचे.

नोकरदार, ठाणे : मग रविवारच्या मेगाब्लॉकमध्येच सगळे जोड का करून टाकत नाहीत? रात्रीची जागरणं कशाला?

मेगाब्लॉक चार-पाच तासांचा मिळतो, तो अशा कामांना लागतो जी रात्रीच्या फटीत बसतच नाहीत : क्रॉसिंग बदलणं, ओव्हरहेड तारेची कामं, मोठं मशीन रुळावर आणणं. थर्मिटचे जोडही त्यात उरकतात, पण एका गँगने एका दिवसात किती करावेत याला मर्यादा आहे. शेवटचा जोड पहिल्याइतक्याच काळजीने व्हायला हवा ना. उरलेले रात्रीच होतात. आणि रविवारीही तुम्ही लग्नाला निघालेले असताच, मेगाब्लॉक वाढवा असं पत्र मला आजवर कुणी पाठवलेलं नाही!

शाळकरी मुलगा, घाटकोपर (आईच्या मोबाइलवरून) : प्लॅटफॉर्मवरून रुळाच्या पोटाला चिकटवलेली छोटी पत्र्याची पट्टी दिसते. तिच्यावर आकडे असतात. ते काय असतं?

बाळा, नजर चांगली आहे तुझी. ती त्या जोडाची जन्मपत्रिका. जोड कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी झाला, कुणी केला त्या एजन्सीची खूण, वेल्डरचा क्रमांक आणि जोडाचा क्रमांक, एवढं त्यावर असतं. दहा वर्षांनी तो जोड तुटला तर पट्टी वाचून त्याच वेल्डरने त्याच सुमारास केलेले बाकीचे जोड शोधतात आणि तपासतात. कधी पट्टीऐवजी रंगाने लिहिलेलंही दिसेल. वाचायचं ते प्लॅटफॉर्मवरच्या पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहून. आईला सांग, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून फोटो काढला तर आकडे नीट वाचता येतात.